पाचव्या काविळीचं कूळ

१९५५च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीने पात्र थोडं बदललं होतं. दिल्लीला पाणी पुरवणारं वझिराबादचं पंपिंग स्टेशन वरच्या अंगाला आणि शहराची घाण नदीत सोडणारा नजफगढ नाला खालच्या अंगाला, अशी मूळची रचना होती. आता नाल्याचं पाणी उलटं सरकत पंपांच्या तोंडाशी येऊ लागलं. हे लक्षात आल्यावर तिथल्या माणसांनी हाताशी होतं ते केलं. तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. नोव्हेंबर तसाच गेला. डिसेंबर आणि जानेवारीत घरोघरी माणसांचे डोळे पिवळे दिसू लागले. डॉ. आर. विश्वनाथन यांच्या पाहणीत अशा उघड कावीळ झालेल्यांचा अंदाज २९,३०० निघाला.

या साथीतली एक नोंद मला फार मोलाची वाटते. तेच मैलामिश्रित पाणी पिऊनही दिल्लीत टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. वाढवलेल्या क्लोरीनने जिवाणू मेले आणि विषाणू मात्र नळापर्यंत पोचला. पाण्यात मैला असला की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं आणि विषाणूच्या वाट्याला पुरेसं उरत नाही. ‘पाण्यात औषध टाकलंय, काळजी करू नका’ हा दिलासा आजही दिला जातो. तो अपुरा आहे, हे दिल्लीने सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. दुसरी नोंद अधिक दुःखाची. या साथीत गरोदर बाया इतर बायांपेक्षा जास्त दगावल्या.

तेव्हा काविळीची खाती दोनच होती. ब्रिटिश डॉक्टर मॅकॅलम यांनी १९४७ मध्ये ती पाडली. दूषित अन्नपाण्यातून होते ती ए, रक्तातून होते ती बी. दिल्लीची साथ पाण्याची, म्हणून ती ए मध्ये जमा झाली आणि फाईल मिटली. ‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ असं आपण म्हणतो. इथे ते शोधायला पंचवीस वर्षं लागली.

बी चा विषाणू आधी सापडला. बारूक ब्लमबर्ग यांना १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन दिसलं, ते पुढे याच विषाणूचं निघालं. १९७३ मध्ये अमेरिकेत फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ए चा विषाणू पाहिला. त्यानंतर रक्त तपासून ए झाली की नाही हे ठामपणे सांगता येऊ लागलं, आणि जुन्या साथींकडे पुन्हा बघायची सोय झाली.

इथे पुण्याचा संबंध येतो. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे आपल्या एनआयव्हीच्या, संचालक तेव्हा डॉ. खोर्शेद पावरी होत्या. त्यांनी, श्रीनिवासन आणि प्रसाद या सहकाऱ्यांनी आणि अमेरिकेतल्या वाँग व पर्सेल यांनी मिळून भारतातल्या साथींची रक्तद्रवं तपासली. दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले नमुनेही त्यात होते. साथ ए ची नव्हती, बी ची तर नव्हतीच. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. विचार केला तर उत्तर समोरच होतं. आपल्याकडे त्या काळी ए ची लागण लहानपणीच होऊन जायची, बहुतेकांच्या ती लक्षातही यायची नाही, आणि एकदा झाली की जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळायची. मग हजारोंनी आजारी पडलेली ही धडधाकट, तरणीताठी माणसं ए ची कशी असतील?

त्याच सुमाराला काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हेच कोडं गावोगाव हिंडून सोडवत होते. १९७८च्या अखेरीस बारामुल्ला-सोपोर भागातल्या, एकाच ओढ्याचं पाणी पिणाऱ्या गावांमध्ये कावीळ पसरली. खुरूंच्या अंदाजाने सुमारे ५२,००० लोकांना ती झाली आणि सुमारे १,७०० माणसं गेली. दिवस भरत आलेल्या बाया काही दिवसांत बेशुद्ध होऊन जात होत्या. हा वेगळाच विषाणू आहे, असं खुरूंनी १९८० मध्ये लिहिलं.

विषाणू प्रत्यक्ष पाहिला तो मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांमध्ये कावीळ पसरली होती. बालायान यांना पूर्वी ए होऊन गेल्याची खात्री होती, म्हणजे ती पुन्हा होणार नव्हती. त्यांनी नऊ रुग्णांच्या विष्ठेचा अर्क दह्यात मिसळून स्वतः घेतला. छत्तिसाव्या दिवशी त्यांना जोराची कावीळ झाली, आणि त्यांच्याच विष्ठेच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे बारीक गोल कण दिसले. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये, पण त्या माणसाच्या धैर्यापुढे मान लवतेच. १९९० मध्ये विषाणूची जनुकीय ओळख पटली. तोवर सी आणि डी ही अक्षरं गेली होती, याला ई मिळालं.

दिल्लीत नदी उलटली होती. एरवी ई ला एवढं निमित्तही लागत नाही. पाण्याचा नळ आणि ड्रेनेजची लाईन एकाच चरातून गेलेली असते, दोन्हीकडे गळती असते. पाणी चालू असतं तोवर नळात दाब असतो, त्यामुळे पाणी बाहेर झिरपतं. पाणी गेलं की दाब पडतो आणि भोवतालची घाण त्याच भेगेतून आत ओढली जाते. दिवसाकाठी तास-दोन तास पाणी येणाऱ्या गावांत हे रोज घडू शकतं. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली गढूळ धार भरून ठेवू नये, आणि साथ असेल तर प्यायचं पाणी खळखळून उकळावं. २०१२ मध्ये इचलकरंजीत ई ची मोठी साथ आली, माणसं गेली. यमुनेपासून पंचगंगेपर्यंत कारण एकच, पिण्याच्या पाण्यात मैला.

आजाऱ्याचं ताट वेगळं करावं का, असं घरचे हमखास विचारतात. ई एका माणसाकडून दुसऱ्याकडे क्वचितच जाते. ए जाते, म्हणून शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं दोन्हींसाठी बरं. बी आणि सी सोबत जेवल्याने होत नाहीत. त्या रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतात. बी ची लस जन्मताच देतात ती म्हणूनच. हळद बंद करण्यात काही अर्थ नाही, डोळ्यांत उतरलेला पिवळा रंग पित्तातल्या बिलिरुबिनचा असतो.

कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घालतात त्या माळेबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. वनस्पतीच्या काड्या सैल गाठींनी ओवलेल्या असतात. काड्या सुकतात, गाठी सरकतात, माळ लांबते. कावीळ ‘धुऊन काढण्याचं’ही तसंच. आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत हात धुतले तर पाणी पिवळं होतं, आणि ते निरोग्याच्या हातांचंही होतं. ए आणि ई बहुतेकांच्या चार-सहा आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात, त्याचं श्रेय माळेला मिळतं. माळेच्या भरवशावर बसलेल्या घरात रुग्ण गरोदर असेल, किंवा त्याला गुंगी येत असेल, तो असंबद्ध बोलत असेल, उलट्या थांबत नसतील, तर गेलेला एकेक दिवस जिवावर बेततो. दारू पूर्ण बंद हवी, आणि जडीबुटीची किंवा दुकानातून आणलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण ती पचवायचं काम त्याच सुजलेल्या यकृतावर पडतं.

ई ची लस आहे. चीनने २०११ मध्ये तिला परवाना दिला, आपल्याकडे ती अजून मिळत नाही. साथ रोखण्यासाठी ती पहिल्यांदा २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतियूच्या विस्थापितांच्या छावणीत वापरली गेली, आणि त्या मोहिमेत गरोदर बायांनाही ती टोचली गेली.