ठेवीच्या पोटी आलेलं कार्ड

पतसंस्थेत खातं असलेल्या माणसाला ठेवतारण कर्ज समजावून सांगावं लागत नाही. अडीनडीला पैसे लागले की मुदत ठेव मोडायची नाही. पावती तारण ठेवायची आणि ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्के जादा दराने रक्कम उचलायची. जामीनदार नको, पगारपत्रक नको. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड हे याच व्यवहाराचं अपत्य. आईकडून ते असं देशी. खर्चाचा टक्का परत देण्याची सवय मात्र त्याला बापाकडून आली, तो शिकागोचा. आणि भारतात या घराण्याचं बस्तान बसलं ते दिल्लीला खेटून असलेल्या गुरुग्रामात.

बापाकडचं आधी. खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला पैसे परत करायचे, ही कल्पना इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४मध्ये काढलेल्या सहकारी दुकानाइतकी तरी जुनी. पण तिथे गिऱ्हाईकच मालक होतं, त्यामुळे परत मिळे तो स्वतःचाच नफा. कार्डावर ही युक्ती रुजवली शिकागोच्या सीअर्स या दुकान-साखळीने. तिच्या डिस्कव्हर कार्डावरची पहिली खरेदी १९८५मध्ये अटलांटात झाली आणि पुढच्या वर्षी कार्ड अमेरिकाभर गेलं. वार्षिक फी नाही, वर खर्चावर रोख परतावा. हा पैसा सीअर्सच्या खिशातून जात नव्हता. कार्ड घासलं की दुकानदाराला रकमेचा थोडा टक्का सोडावा लागतो आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्याला मिळतो. त्यातलाच तुकडा गिऱ्हाइकाला. आजच्या प्रत्येक कॅशबॅकमागे हेच गणित आहे. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावर छोट्या दुकानदाराकडून दोन हजारांपर्यंतच्या व्यवहाराला हा टक्का घेतला जात नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला कोड स्कॅन करून दिलेल्या पैशांवर अनेक कार्डं परताव्याचं नाव का काढत नाहीत, हे त्यावरून कळावं.

भारतात सेंट्रल बँकेने १९८०मध्ये ‘सेंट्रलकार्ड’ काढलं, पण कार्डांचा कारखाना म्हणावा असं काही उभं राहिलं ते गुरुग्रामात, तेव्हाच्या गुडगावात. जीई कॅपिटलने १९९७मध्ये तिथे आपलं कागदपत्रांचं आणि फोनचं काम हलवलं. पुढच्याच वर्षी स्टेट बँकेशी भागी करून एसबीआय कार्ड सुरू केलं, त्याचाही कारभार तिथूनच चालू लागला. नव्या काचेच्या इमारती, जवळच विमानतळ आणि दिल्लीतले इंग्रजी बोलणारे पदवीधर, एवढं भांडवल पुरेसं होतं. पुढच्या दहा वर्षांत कार्डं अशी वाटली गेली की मार्च २००८मध्ये देशात ती सुमारे पावणेतीन कोटी होती. मग थकबाकी अंगावर आली आणि २०१२पर्यंत आकडा पावणेदोन कोटींवर उतरला.

हात पोळलेल्या बँका आता कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकेनात. सिबिलची स्थापना २०००ची, स्कोअर तीनशे ते नऊशे. त्यातून एक चमत्कारिक कोंडी झाली: कर्ज घेतलं नसेल तर स्कोअर नाही आणि स्कोअर नसेल तर कार्ड नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातल्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळणारे खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर घ्या. रोज दुसऱ्याचं सोनं हाताळण्याइतका बाजाराचा त्यांच्यावर विश्वास. पण पगाराची स्लिप नसलेल्या माणसाचा तो विश्वास सिबिलच्या अहवालात उमटत नाही.

इथे आईकडचं कूळ कामी आलं. ठेवीवर ऐंशी ते शंभर टक्के मर्यादेचं कार्ड द्यायचं. बुडालं तर ठेव आहेच. आयसीआयसीआय, अॅक्सिससारख्या बँकांनी हे केलं. २०१७मध्ये एसबीआय कार्डाने ‘उन्नती’ आणलं: किमान पंचवीस हजारांची ठेव, चार वर्षं फी नाही, आणि वर्षाला पन्नास हजार खर्चले की पाचशे रुपये परत. २०२१मध्ये गुरुग्रामच्याच पैसाबाजारने एसबीएम बँकेबरोबर ‘स्टेप अप’ काढलं, ते तर उघडउघड स्कोअर नसलेल्यांसाठी आणि बिघडलेल्यांसाठी.

हे कार्ड निवडताना लोक परताव्याचा टक्का आधी बघतात. मला ते उलटं वाटतं. वीस हजारांची मर्यादा असेल आणि स्कोअर घडवायचा असेल, तर महिन्याला पाच-सहा हजारांवर जाऊ नये, असंच जाणकार सांगतात. म्हणजे वर्षाला फार तर बहात्तर हजार. एक टक्क्याने सुमारे सातशे रुपये. फी ४९९ असेल तर जीएसटीसह ५८९ तिथेच गेले. तेव्हा आधी फी, मग ठेवीवरचा व्याजदर, मग हे व्यवहार सिबिलला कळवले जातात की नाही, आणि शेवटी परतावा. तोही भाडं, पेट्रोल, वॉलेट यांवर मिळतो का, हे वाचून.

खरी खोच व्याजात आहे. पंचवीस हजारांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाचे सव्वासोळाशे मिळतात. त्याच ठेवीच्या जोरावर कार्डावर वीस हजार थकवले आणि दर महिना साडेतीन टक्के असला, तर महिन्याला सातशे रुपये द्यावे लागतात आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. तीन महिन्यांत ठेवीची वर्षाची कमाई उडाली. बँकेला जोखीम जवळजवळ शून्य, तरी काही कार्डांचा दर बिनतारणी कार्डासारखाच! आपली पतसंस्था असा दर लावती, तर वार्षिक सभा उधळली गेली असती. दिल्लीतल्या राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जुलै २००८मध्ये कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, आयोगाचा नव्हे, असं म्हणून. त्यामुळे पैसे खरोखर हवे असतील तेव्हा कार्ड खिशात राहू द्यावं आणि बोजा नसलेल्या दुसऱ्या ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मागावा.

स्कोअर जमला की बिनतारणी कार्डाचे फोन आपसूक येऊ लागतात. मग जुनं बंद करायचं असेल, तर आधी सगळी बाकी भरावी आणि लेखी अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला. ठेवीवरचा बोजा उतरवून घेण्यासाठी मात्र वेगळा पाठपुरावा करावा लागू शकतो.