वर येण्याची वेळ

जुलै 2005 च्या शेवटच्या आठवड्यात माणगाव-महाडकडच्या माणसांचे सारे लक्ष सावित्रीच्या पुराकडे आणि जुई-दासगावच्या दरडींकडे होते. त्याच आठवड्यात, 27 जुलैला, मुंबईच्या किनाऱ्यासमोरच्या अरबी समुद्रात मुंबई हायच्या तेलफलाटाला आग लागली. फलाटाला धडकलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज माणसांना सोडावे लागले. त्या जहाजावरच्या दाबकक्षात सहा पाणबुडे होते. त्यांना तेथेच राहावे लागले आणि सुमारे 36 तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज पेटत असताना ते दार उघडून बाहेर का आले नाहीत? या प्रश्नाचे उत्तर ज्या शास्त्रात आहे, त्याच्या उंबरठ्यावर मी वाचकांचे स्वागत करतो.

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. 30 मीटरवर पाणबुड्या चौपट दाबाची हवा श्वासात घेतो. त्या हवेतला प्राणवायू शरीर वापरून टाकते. सुमारे 79 टक्के असलेला नायट्रोजन मात्र रक्तात आणि पेशींत विरघळून साठत जातो. वर येताना दाब उतरतो आणि हा साठा बाहेर पडू लागतो. सावकाश आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आले तर गोटी सोड्याची बाटली फोडावी तसे शरीरातच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंग लुळे पडते, प्रसंगी जीवही जातो. हे टाळण्यासाठी सावकाश, टप्प्याटप्प्याने वर येणे म्हणजे डीकंप्रेशन.

या टप्प्यांचे पहिले शास्त्रशुद्ध तक्ते जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. रक्तात वायू लवकर मुरतो आणि लवकर निघतो, चरबीत उशिरा मुरतो आणि उशिराच निघतो, हे त्यांनी हिशेबात धरले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी पुढे पाणबुडीतल्या माणसांच्या सुरक्षेसाठी दाबाखालच्या वायूंचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. 1957 मध्ये ते भारतात आले आणि येथलेच नागरिक झाले. या विद्येशी आपले नाते असे जवळचे आहे.

आता श्वासात घ्यायच्या वायूंच्या मिश्रणाकडे वळू. साठतो तो नायट्रोजन. मग श्वासातला नायट्रोजनच कमी केला तर? नायट्रॉक्स म्हणजे हेच. 32 टक्के प्राणवायूचे नायट्रॉक्स घेऊन 30 मीटरवर गेलेल्या पाणबुड्याच्या शरीरात जेवढा नायट्रोजन शिरतो, तेवढा साध्या हवेवर सुमारे 24 मीटरवर शिरतो. त्यामुळे हौशी पाणबुड्यांच्या प्रचलित तक्त्यांत थांबे न घेता वर येता यावे यासाठी 30 मीटरवर राहण्याची मुभा सुमारे 20 मिनिटांवरून 30 मिनिटांपर्यंत वाढते. मात्र दाबाखाली प्राणवायूही विषारी ठरतो, झटके येतात. म्हणून हे मिश्रण साधारण 34 मीटरच्या खाली नेत नाहीत.

खोलवर नायट्रोजनची गुंगी चढते. तेथे हेलियम मिसळतात. तो हलका असला तरी वर येण्याचा वेळ त्याने आपोआप घटत नाही. छोट्या बुडीत पारंपरिक तक्ते उलट अधिक थांबे मागतात. वेळ वाचतो तो वर येताना मिश्रण बदलल्याने: 21 मीटरवर निम्मा प्राणवायू, 6 मीटरवर शुद्ध प्राणवायू. मुंबई हायसारख्या ठिकाणी सलग अनेक दिवस काम करणारे पाणबुडे मात्र हेलियमच्या दाबकक्षातच राहतात. आपल्याकडचे कडवे वाल एकदा पुरते भिजले की आणखी एक दिवस पाण्यात ठेवले तरी अधिक फुगत नाहीत. शरीराचेही तसेच, वायू पुरता मुरला की मुक्काम कितीही लांबो, बाहेर पडण्याचा वेळ तेवढाच. पण तो मोठा असतो: ढोबळमानाने दर 30 मीटरला एक दिवस, शिवाय आणखी एक. आगीच्या दिवशी ते सहा जण कक्षाचे दार उघडू शकत नव्हते ते यामुळे.

वाचकांनी या विषयाकडे येताना आधी दाब समजून घ्यावा, मग काळ, आणि शेवटी मिश्रण. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. येथले गणित गुणाकार-भागाकारापलीकडे फारसे जात नाही. मात्र वाचन म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्रत्यक्ष पाण्यात उतरायचे तर तारकर्लीसारख्या ठिकाणी गुरूजवळ बसूनच शिकावे.

तुम्ही कधी मालवणला बुडी मारून माणगावमार्गे ताम्हिणी घाट चढत पुण्याला निघालात, तर एवढे आठवा: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि वर चढताना हवेचा दाब आणखी उतरतो. पाण्याबाहेर आलात तरी तुमचे वर येणे अजून संपलेले नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या प्रशिक्षकाला विचारा, किनाऱ्यावर पुरेसे थांबा, आणि मगच घाटाला लागा.