जागाच नसलेला गण : राजवायूंच्या शोधाचा इतिहास

१/ १८६९ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तोवर ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली. ठरावीक अंतराने तेच गुणधर्म पुन्हा प्रकट होतात, हा त्यांचा आवर्ती नियम. सारणीतील काही जागा त्यांनी हेतुपुरस्सर रिकाम्या ठेवल्या आणि त्या जागी येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्मही आधीच सांगून ठेवले.

२/ गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) त्या जागांवर येऊन बसली. गॅलियमची घनता शोधकर्त्याने प्रथम ४.७ मोजली होती. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे असे कळवले. धातू शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ५.९ हाच आकडा आला. नियमाची कीर्ती सर्वत्र झाली. पण त्याची खरी परीक्षा अजून व्हायची होती.

३/ १८९२ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांना एका विसंगतीने अस्वस्थ केले. हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता. एका लिटरमागे १.२५७२ ग्रॅम विरुद्ध १.२५०५ ग्रॅम! फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. पण प्रयोग कितीही वेळा केला तरी तो हटेना.

४/ शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांच्याही प्रयोगात हवेचा एक चिमुकला बुडबुडा कशाशीच संयोग न पावता उरला होता. विल्यम रॅम्से यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतील नायट्रोजन पुनःपुन्हा नेऊन तो शोषून घेतला. मागे उरलेल्या वायूच्या वर्णपटात अपरिचित रेषा दिसल्या. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत हा शोध जाहीर झाला. वायूचे नाव ठरले आर्गॉन. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘आळशी’.

५/ पेच येथेच उभा राहिला. आर्गॉनचा अणुभार सुमारे ४०. सारणीत क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०. मध्ये रिकामी जागा नाही. शिवाय कोणत्याही गणाशी त्याचे साम्य नाही. आर्गॉन हे मूलद्रव्य नसून तीन अणूंचा नायट्रोजनच (१४ × ३ = ४२) असावा, अशी शंका खुद्द मेंडेलीव्ह यांनी मांडली. ऑक्सिजनपासून ओझोन होतो, त्यामुळे ही शंका अगदीच निराधार नव्हती. मात्र वायूतील ध्वनिवेगावरून त्याचा रेणू एकाच अणूचा असल्याचे दिसत होते.

६/ १८९५ साली रॅम्से यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून आणखी एक वायू मिळाला. त्याची पिवळी वर्णरेषा २७ वर्षांपूर्वी सूर्याच्या प्रकाशात दिसली होती. तो हेलियम होता.

७/ महाराष्ट्रात ही कथा विजयदुर्ग किल्ल्याशी जोडून सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण जान्सेन यांनी गुंटूर येथून केले. नॉर्मन लॉकियर मात्र त्या दिवशी भारतात नव्हते. त्यांनी ती पिवळी रेषा २० ऑक्टोबरला इंग्लंडमधूनच, ग्रहणाविना नोंदवली.

८/ आता हेलियम (४) आणि आर्गॉन (४०) असे दोन सोबती झाले. रॅम्से यांनी मेंडेलीव्ह यांचीच पद्धत वापरली : हा एक गण असेल, तर या दोहोंमध्ये सुमारे २० अणुभाराचा वायू असलाच पाहिजे. हे भाकीत त्यांनी १८९७ मध्ये टोरांटो येथे मांडले. पुढच्याच वर्षी मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह त्यांनी द्रवरूप हवा व वायूंच्या ऊर्ध्वपातनातून मे ते जुलै या अवघ्या तीन महिन्यांत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन वेगळे केले.

९/ संयोग न पावणाऱ्या या वायूंचे नाते उत्कलनबिंदूंतही दिसते : हेलियम −२६९, निऑन −२४६, आर्गॉन −१८६, क्रिप्टॉन −१५३, झेनॉन −१०८ अंश सेल्सिअस. अणू जड होत जातो, तसा उत्कलनबिंदू पायरीपायरीने चढतो.

१०/ विसाव्या शतकाच्या आरंभी मेंडेलीव्ह यांनीही ‘शून्य गण’ स्वीकारला. सारणी मोडली नाही; तिला एक नवा स्तंभ मिळाला. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे, तर रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आर्गॉन पोटॅशियमहून जड असूनही त्याच्या आधी का, याचे उत्तर १९१३ मध्ये हेन्री मोस्ली यांच्या कार्यातून मिळाले : खरा क्रम अणुभाराचा नव्हे, अणुक्रमांकाचा. आर्गॉन १८, पोटॅशियम १९.

११/ या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी १९०० साली रॅम्से भारतात आले व त्यांनी बंगळूरची शिफारस केली. तिचे पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स.

१२/ पुढे या वायूंच्या बाह्यतम कक्षा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण असतात, हे उलगडले आणि त्यांची निष्क्रियता अटळ मानली गेली. पण गणात खाली जाताना बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात, त्यांच्यावरची पकड सैल होते. हेच हेरून नील बार्टलेट यांनी १९६२ साली झेनॉनचे संयुग घडवले. ‘निष्क्रिय वायू’ हे नाव तेव्हापासून अपुरे ठरले. ‘राजवायू’ हे नाव मात्र शोभून राहिले.