समर्पणाची प्रार्थना
ईश्वरी इच्छेच्या स्वाधीन होण्याची ख्रिस्ती प्रार्थना. फ्रेंच संन्यासी शार्ल द फूको (१८५८–१९१६) यांच्या लेखनातून ती घेतलेली आहे. १८९६ मध्ये, तत्कालीन सिरियातील आक्बेसच्या ट्रॅपिस्ट मठात असताना, त्यांनी क्रुसावरील येशूच्या अखेरच्या उद्गारावर (लूक २३:४६) मनन लिहिले. त्यातील शब्द त्यांनी येशूच्याच तोंडी घातले आहेत. भक्ताने तेच आपलेसे करायचे. अनुयायांनी पुढे हा मजकूर आटोपशीर केला. यात आरोग्य, यश, संरक्षण असे काहीच मागितलेले नाही. देवपिता जे करील त्याबद्दल आधीच आभार मानलेले आहेत, आणि हेच या प्रार्थनेचे सर्वांत अवघड अंग होय. मात्र समर्पण म्हणजे मन मारणे नव्हे. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी आधी केली, मगच निर्णय पित्यावर सोपवला. मागणे लपवून केलेले समर्पण वरवरचेच राहते.

फूको यांच्या हयातीत त्यांनी लिहिलेल्या नियमानुसार संघ उभा राहिला नाही. अल्जीरियातील तामनरासेत येथे १ डिसेंबर १९१६ रोजी त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या प्रेरणेने १९३३ मध्ये ‘येशूचे लहान बंधू’ आणि १९३९ मध्ये ‘येशूच्या लहान भगिनी’ हे संघ स्थापन झाले. या संघांत ही प्रार्थना रोज म्हटली जाते. पोप फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी फूको यांना संतपद दिले.