फोन झोपताना कॉल आला तर?

तुमचा फोन खिशात आहे, स्क्रीन बंद आहे. नुसती स्क्रीनच नाही, आतला प्रोसेसरही बराच वेळ झोपलेला असतो. आता समजा, फोन झोपायला निघालाय आणि नेमका त्याच क्षणी कॉल आला, तर?

आधी फोन झोपतो कसा ते बघू. कर्नल चालू प्रोग्रॅम गोठवतो, मग एकेका ड्रायव्हरला सांगतो, आवर आता. ड्रायव्हरने नवीन काम घ्यायचं नाही, चालू असलेला डेटा ट्रान्सफर थांबवायचा, डिव्हाइसची सेटिंग्ज जपून ठेवायची. क्रमही ठरलेला. आधी यूएसबीला लावलेलं उपकरण, मग यूएसबी कंट्रोलर. उठताना बरोबर उलटं.

गोची होते ती मधल्या फटीत. मॉडेमने इंटरप्ट दिला, ड्रायव्हरने घेतला आणि तो मोकळा झाला. पण बातमी कॉलच्या ॲपपर्यंत पोचायच्या आत सगळं गोठलं. इंटरप्ट तर संपला, आता उठवणार कोण?

अँड्रॉइडचं उत्तर होतं वेकलॉक. काम होईपर्यंत ड्रायव्हर किंवा ॲप एक कुलूप धरून ठेवणार, कुलूप आहे तोवर झोप नाही. 2009 साली गूगलच्या आर्वे ह्यॉनेवोग यांनी हे पॅचेस लिनक्सच्या मुख्य कर्नलसाठी पाठवले आणि वादाला तोंड फुटलं. एखाद्या ॲपने कुलूप सोडलंच नाही तर? (रात्रीत बॅटरी उतरलेल्यांना हा प्रश्न लगेच कळेल.) 2010 मध्ये 'सस्पेंड ब्लॉकर' असं नवं नाव देऊन पाहिलं, तरी पटेना. त्याच वर्षी आलेल्या 2.6.33 आवृत्तीतून तर अँड्रॉइडचे ड्रायव्हरच काढून टाकले.

वाट काढली राफाएल विसोत्स्की यांनी, आणि मला त्यांची युक्ती भारी आवडते. कर्नल एक आकडा ठेवतो: उठवणाऱ्या घटना किती झाल्या. झोपायच्या आधी तो वाचायचा. एखादी घटना अजून हाताळली जात असेल तर वाचणाराच थांबून राहतो. मग तोच आकडा परत लिहायचा. मधे कॉल आला असेल तर आकडा जुळत नाही, लिहिणं फसतं, झोप रद्द! पुढेही, ड्रायव्हर आवरत असताना काही आलं, तर कर्नल अर्ध्यातून मागे फिरतो. हे ऑक्टोबर 2010 च्या 2.6.36 मध्ये आलं.

आणि जुलै 2012 ला 3.5 आलं, त्यात ॲपसाठी कुलूपही आलं. त्या फाइलचं नाव काय ठेवलं? वेक लॉक. एवढं भांडून!