तळटीप : ‘फ्रीडम फ्राइज’
‘फ्रीडम फ्राइज’ : इराकवरील हल्ल्याला फ्रान्सने विरोध केला म्हणून मार्च २००३मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांत ‘फ्रेंच फ्राइज’चे केलेले बारसे. (हे तळलेले बटाटे मूळचे आमचेच, असे बेल्जियमवाले सांगतात, ते निराळेच.) फ्रेंचांना चीजखाऊ, शरणागत माकडे म्हणणारी शिवी मात्र जुनी. ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेच्या १९९५च्या एका भागात ती काटकसरीपायी फ्रेंच शिकवायला उभ्या केलेल्या, शाळेच्या तिरसट स्कॉटिश माळ्याच्या तोंडी आहे. हसायचे होते त्या माळ्याला. युद्धखोर स्तंभलेखकांनी शिवीच उचलली. फ्रेंच भित्रेपणाचा हा डोलारा १९४०मध्ये जर्मनीपुढे सहा आठवड्यांत झालेल्या पराभवावर उभा. पहिल्या महायुद्धात मेलेले त्यांचे १३ लाखांहून अधिक सैनिक त्यात मोजलेच जात नाहीत. उपाहारगृहांतले जुने नाव २००६मध्ये गाजावाजा न करता परतले. — संपा.