कार्ल्याच्या खांबांवरची नावं

पिंपळे गुरवच्या आसपास राहणाऱ्या पुष्कळांनी कार्ला पाहिलेलं असतं. कासारवाडीला लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, रिक्षाने पायथा गाठायचा आणि एकवीरा आईच्या पायऱ्या चढायच्या. देवळाला लागूनच बौद्ध लेणं आहे. दर्शन झालं की लोक आत डोकावतात आणि हमखास विचारतात, "हे कुठल्या राजाने बांधलं?"

मला या प्रश्नाचं उत्तर तिथल्या खांबांवर मिळालं.

इथलं चैत्यगृह सुमारे ३७ मीटर लांब, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. छताच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहेत. एका लेखात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल शेठी सांगतो की जंबुद्वीपातलं हे सर्वांत उत्तम शैलगृह त्याने पूर्ण केलं. पण काम एकट्याचं नव्हतं. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्खूने एक खांब दिला. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांनी, एकेक खांब दिला. दाराच्या कामाशी सिंहदत्त हा अत्तरवाला आणि सामी हा सुतार यांची नावं जोडलेली आहेत.

राजेही आहेत, पण वेगळ्या कामासाठी. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या खर्चासाठी करजिक गाव दिलं. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं, तरी गावाचं दान भिक्खूंकडेच ठेवलं. तो हुकूम ज्या अधिकाऱ्याला आहे तो मामालचा. मामाल म्हणजे आपलं मावळ.

एवढ्या लांबची माणसं इथे का आली? कारण जवळच बोरघाट. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांचा माल याच वाटेने देशावर चढायचा. व्यापारी, कारागीर, भिक्खू सगळे इथून जायचे.

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ बौद्ध देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची यात्रा आहे. यात्रेकरू देवळात आपलं नाव-गाव लिहिलेली कागदी चिठ्ठी ठेवतात. कार्ल्यात ती चिठ्ठी दगडात आहे, आणि बहुतेक ठिकाणी माणसाच्या नावाआधी त्याचं गाव येतं.

आमच्या पट्ट्यात नव्या शेजाऱ्याला पहिला प्रश्न असतो, "मूळचे कुठले?" त्यात कधी कुतूहल असतं, कधी 'तुम्ही बाहेरचे' असं सुनावणं. मावळातली ही सर्वांत देखणी वास्तू उभी करायला बनवासी, सोपारा, धेनुकाकट इथल्या बाहेरच्यांचे हात लागले होते, आणि त्यांनी आपलं मूळ गाव लपवलं नव्हतं.

आज तिथे काही जण किल्लीने भिंतीवर स्वतःचं नाव कोरतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: सातिमितने नाव कोरण्याआधी खांब दिला होता.